ड्रॅगनलान्सच्या कादंबऱ्या: कपाटात काय राहिलं, काय गेलं

ड्रॅगनलान्सचा अख्खा संच जमवायच्या भानगडीत पडू नका. या विश्वात दीडशेच्या वर कादंबऱ्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याअधिक नाही वाचल्या तरी काही अडत नाही. ज्या खरंच जपून ठेवाव्यात त्या एका खणात मावतात. गेले कित्येक महिने मी ही पुस्तकं ओळीने वाचते आहे, काही दुसऱ्यांदा. पुस्तक संपलं की ते कपाटात राहणार की कुणाला तरी देऊन टाकणार, हे तिथल्या तिथे ठरवते. हा अनुभव त्या निवडीचा आहे. मोठी वळणं शक्यतो फोडलेली नाहीत.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिन नावाचं हे काल्पनिक जग टीएसआर या अमेरिकन कंपनीने 1984 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र वठवायच्या खेळासाठी आणलं. मूळ कल्पना ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याची, आणि कादंबऱ्या लिहिल्या मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी मिळून. खेळासाठीची साहसं, म्हणजे खेळाडूंनी पार पाडायच्या छापील मोहिमा, आणि कादंबऱ्या जवळपास एकाच वेळी बाजारात आल्या. जग कंपनीच्या मालकीचं, त्यामुळे पुढे तिथे डझनावारी लेखक येऊन आपापली गोष्ट सांगून गेले. मुखपृष्ठावर तेच नाव, तेच ड्रॅगन, पण आत कोण भेटेल याची काही खात्री नाही. म्हणूनच निवड करावी लागते.

सुरुवात अर्थातच ‘क्रॉनिकल्स’ या मूळ त्रयीपासून. ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ 1984 चं, ‘विंटर नाइट’ आणि ‘स्प्रिंग डॉनिंग’ 1985 ची. पहिलं पुस्तक आज वाचताना त्यात फाशांचा खडखडाट ऐकू येतो. नायकांची टोळी भुयारात शिरते, राक्षस भेटतो, शस्त्र मिळतं, टोळी बाहेर पडते, की पुढचं भुयार तयारच. खेळातल्या साहसांच्या मागे मागे ते पुस्तक चालतं आणि ते लपत नाही. बरेच वाचक इथेच थांबतात आणि ‘मुलांचं पुस्तक आहे’ म्हणून मोकळे होतात. थांबू नका. दुसऱ्या भागात लेखकद्वयीने साहसांचा हात सोडला आहे. किती सोडला आहे, तर थोरबार्डिन या बुटक्यांच्या भूमिगत राज्यातून खारासचा हातोडा हे प्राचीन शस्त्र मिळवण्याची एक संपूर्ण मोहीम, जी खेळात खेळाडूंनी खेळायची होती, ती कादंबरीत दाखवलेलीच नाही. पुस्तक उघडतं तेव्हा हातोडा मिळालेला असतो. पहिल्यांदा वाचताना पानं गळली की काय असं वाटतं. पण त्या काटछाटीमुळेच जागा झाली आहे. टोळी फुटते, युद्ध खरोखरीचं युद्ध वाटू लागतं, आणि एक मृत्यू असा येतो की नंतरच्या प्रत्येक पुस्तकावर त्याची सावली आहे.

तरीही एकच संच ठेवायचा झाला तर मी ‘क्रॉनिकल्स’ नाही, 1986 ची ‘लेजंड्स’ त्रयी ठेवेन: ‘टाइम ऑफ द ट्विन्स’, ‘वॉर ऑफ द ट्विन्स’, ‘टेस्ट ऑफ द ट्विन्स’. हिच्यामागे खेळ नाही, फक्त दोन जुळे भाऊ आहेत. रेस्टलिन हा खंगलेल्या शरीराचा, भयंकर हुशार जादूगार, आणि कॅरॅमन हा धिप्पाड, प्रेमळ योद्धा. त्रयी सुरू होते तेव्हा कॅरॅमन दारूत बुडालेला आणि सुटलेल्या पोटाचा आहे. पराक्रमी नायकाला अशा अवस्थेत वाचकापुढे उभं करणं त्या काळच्या खेळाच्या कादंबरीत सोपं नव्हतं. रेस्टलिनला देवांच्या पंगतीत बसायचं आहे, आणि त्यासाठी तो भूतकाळात, इस्तार नगरीत जातो. इस्तारवर लवकरच आकाशातून जळता पर्वत कोसळणार आहे हे वाचकाला ठाऊक आहे. या विश्वाचा नियम असा की माणसाने काळात मागे जाऊन काहीही केलं तरी इतिहास बदलत नाही. मात्र केंडर या बुटक्या, अतिचौकस जातीच्या कुणाला काळप्रवासाला नेलं तर हा नियम गळतो. आणि टॅसलहॉफ नावाचा केंडर, ज्याला कुठेही न बोलावता जायची सवय आहे, तो हळूच बरोबर जातो. लेखकांनी आपल्याच नियमाला असं भोक पाडून ठेवलं आहे, आणि सगळी धाकधूक त्या भोकातून आत येते.

माझ्या निवडीची फूटपट्टी मला इथे सापडली. सामायिक विश्वातलं पुस्तक चांगलं आहे की नाही, हे बहुतेक वेळा लेखकाला मोकळी जागा किती मिळाली यावर ठरतं. बाकीच्यांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं असेल तर भला लेखकही नुसता भराव घालत बसतो.

‘प्रिल्यूड्स’ हे त्याचं ठळक उदाहरण. मूळ त्रयीच्या आधी टोळीतली मंडळी पाच वर्षं एकमेकांपासून दूर असतात आणि मग सोलेसच्या सराईत पुन्हा भेटतात. त्या पाच वर्षांत कोण काय करत होतं, यावर ही मालिका. अडचण अशी की सगळ्यांनी वेळेवर, धडधाकट, आणि फारसे न बदलता सराईत पोचायलाच हवं. मालिकेतल्या पहिल्या पुस्तकात, ‘डार्कनेस अँड लाइट’मध्ये (1989), टोळीतले स्टर्म आणि किटिआरा हे दोघे नोम या यंत्रवेड्या बुटक्या लोकांच्या उडत्या जहाजातून थेट लुनिटारी या लाल चंद्रावर जाऊन पोचतात. तिथे त्यांना चक्क एक बोलका ड्रॅगन भेटतो. वाचायला मजा येते, नाही असं नाही. नोम तर धमाल आहेत. पण ‘ऑटम ट्वायलाइट’मध्ये याच मंडळींच्या लेखी ड्रॅगन म्हणजे लहान मुलांना सांगायच्या गोष्टीतला प्राणी आहे. मग चंद्रावर ड्रॅगनशी गप्पा मारून आलेला, खोटं न बोलणारा सरदार स्टर्म त्या सराईत तोंड शिवून का बसला होता? संपादकांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांना पुस्तकं हवी होती. हा संच मी देऊन टाकला. रेस्टलिन आणि कॅरॅमनवरचं ‘द ब्रदर्स मजेअर’ मात्र देताना हात थोडा अडखळला, कारण ज्या शहरातली मांजरं गायब होताहेत ते शहर ही कल्पना मला फार आवडली होती. फक्त कल्पना.

आता कुणी म्हणेल, शेवट ठरलेला असणं हाच दोष असेल तर ‘लेजंड्स’मधल्या इस्तारचाही शेवट ठरलेलाच होता की. खरं आहे. कर्ण मरणार हे माहीत असूनही आपण महाभारतावरच्या कादंबऱ्या रात्र रात्र वाचतोच. शेवट ठरलेला असला तरी चालतं. त्या शेवटाकडे जाताना माणूस बदलला पाहिजे. ‘प्रिल्यूड्स’मधल्या माणसांना बदलायची परवानगीच नव्हती. याउलट क्रिस पियर्सनची ‘किंगप्रीस्ट’ त्रयी बघा (‘चोझन ऑफ द गॉड्स’, ‘डिव्हाइन हॅमर’, ‘सेक्रेड फायर’, 2001 ते 2003). पर्वत कोसळणार हे पहिल्या पानापासून माहीत आहे. एक तेजस्वी, खरोखर सज्जन मुलगा धर्मगुरूच्या सिंहासनावर येतो आणि जगातून पाप पुसून टाकायला निघतो. त्याच्यासाठी लढणारा कॅथन सुरुवातीला देवावर रागावलेला बंडखोर, मग निस्सीम भक्त, आणि मग काय, ते वाचा. चांगुलपणाचा अट्टहास हळूहळू जुलूम कसा होतो हे या तीन पुस्तकांत एकही भाषण न ठोकता दिसतं. वाइस-हिकमन सोडून दुसऱ्या कुणाचं एकच काही ठेवायचं असेल तर मी हे सांगेन. ‘लेजंड्स’नंतर वाचा, आधी वाचलं तर अर्धी धार जाते.

याच न्यायाने वाइसबाईंचं ‘द सोलफोर्ज’ (1998) राहिलं. रेस्टलिनचं बालपण आणि जादूगारांच्या मनोऱ्यातली परीक्षा, असा त्याचा आवाका. ती परीक्षा वाइस यांनी 1984 मध्येच ‘ड्रॅगन’ मासिकात एका लघुकथेत लिहिली होती, म्हणजे गुपित काहीच नाही. तरीही आजारी, चिडका, अपमान न विसरणारा मुलगा कसा घडतो ते इतकं बारकाईने आलंय की शेवट माहीत असल्याचं विसरायला होतं. त्याचा पुढचा भाग ‘ब्रदर्स इन आर्म्स’ वाचला आणि दिला. लष्करी छावणीतले प्रसंग ठीक आहेत, पण रेस्टलिन तिथे जागच्या जागी उभा आहे.

मोकळी जागा मिळालेल्यांमध्ये रिचर्ड नाकचं ‘द लेजंड ऑफ ह्यूमा’ (1988) पहिलं. मूळ त्रयीत ह्यूमा म्हणजे फक्त एक जुनं गाणं, शतकांपूर्वीचा वीर. नाक यांना त्याच्याभोवती अख्खं युग मोकळं मिळालं. भाषा साधी, लढाया जरा जास्तच, पण ह्यूमाचा सोबती असलेला काझ हा मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा माणूस) पुस्तक खांद्यावर घेतो. मायकेल विल्यम्सचं ‘वीझल्स लक’ अगदी वेगळ्या कारणासाठी ठेवलं आहे. क्रॉनिकल्समधल्या कविता याच विल्यम्सच्या. इथे त्यांनी गॅलन नावाच्या एका भित्र्या, खोटारड्या धाकट्या मुलाच्या तोंडून गोष्ट सांगितली आहे. सरदारांच्या मोठमोठ्या शपथांची अशी खिल्ली या विश्वात दुसरीकडे मला सापडली नाही.

एक उदाहरण तर नकाशाबाहेरचं आहे. लॉर्ड सोथ हा शापित सरदार क्रिनवर अधूनमधून येऊन सगळ्यांना घाबरवून जातो. 1991 मध्ये जेम्स लाउडर यांनी त्याला उचललं आणि टीएसआरच्याच रेवनलॉफ्ट या दुसऱ्या, भयकथांच्या विश्वात नेऊन टाकलं: ‘नाइट ऑफ द ब्लॅक रोझ’. क्रिनच्या इतिहासाशी ते कसं जुळवायचं यावर चाहते आजही भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. जिथे कुणीच त्याला ओळखत नाही अशा ठिकाणी सोथ उभा राहिला, आणि म्हणून तो पहिल्यांदा माणूस वाटला. पुस्तक राहिलं.

1995 नंतरचा काळ मात्र जपून. मूळ त्रयीच्या नावांत शरद, हिवाळा, वसंत झाला होता, उन्हाळा राहिला होता. तो ‘ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम’मध्ये आला. जाडजूड पुस्तक, घाईचा शेवट, आणि त्या शेवटी जगाचा पायाच बदलतो: देव निघून जातात, चंद्र बदलतात, जुनी जादू संपते. 1996 मध्ये टीएसआरने याच पायावर फाशांऐवजी पत्त्यांवर चालणारा नवा खेळ काढला आणि त्याच्याबरोबर जीन रेब यांची नवी त्रयी आली. 1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली. मग 2000 ते 2002 मध्ये वाइस आणि हिकमन यांनी ‘वॉर ऑफ सोल्स’ लिहून त्या बदलांतलं बरंच काही मोडीत काढलं. मधल्या वर्षांतली पुस्तकं त्यामुळे अनाथ झाली आहेत. रेब यांची तिन्ही पुस्तकं मी चिकाटीने वाचली. तिथली माणसं लक्षात राहात नाहीत, महाकाय ड्रॅगनच राहतात. ‘वॉर ऑफ सोल्स’चा पहिला भाग, ‘ड्रॅगन्स ऑफ अ फॉलन सन’, मला आवडला, विशेषतः वादळातून चालत येणारी मीना ही मुलगी. तिसऱ्या भागापर्यंत पसारा आवरण्यातच लेखकांचा दम जातो. सध्या तिन्ही खालच्या खणात आहेत, म्हणजे निकाल राखून ठेवला आहे.

‘विंटर नाइट’च्या आधी गळलेली ती हातोड्याची मोहीम? ती 2006 मध्ये ‘ड्रॅगन्स ऑफ द ड्वार्व्हन डेप्थ्स’ या पुस्तकात सविस्तर आली. नीट बेतलेलं आहे, मूळ लेखकांचंच आहे. वाचल्यावर पटलं की ती गाळलेलीच बरी होती.

प्रतींबद्दल. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या छोट्या पेपरबॅकचा कागद पिवळा पडतो आणि पाठीचा गोंद वाळून पानं सुटतात. जुनी प्रत घेताना मधलं पान उघडून पाठ किती ताणते ते आधी बघा, मुखपृष्ठ नंतर. लॅरी एल्मोर यांच्या मूळ चित्रांचाच हट्ट असेल तर टीएसआरचा शिक्का असलेल्या प्रती शोधाव्या लागतील. नंतरच्या छपायांवर चित्रं बदलली आहेत, आणि तेच पुस्तक वेगळ्या चित्रासह दुसऱ्यांदा विकत घेण्याचा धोका इथे फार मोठा आहे, कारण अर्ध्या पुस्तकांची नावं ‘ड्रॅगन्स ऑफ’नेच सुरू होतात. नुसतं वाचायचं असेल तर क्रॉनिकल्स आणि लेजंड्सच्या टिपांसह निघालेल्या आवृत्त्या (1999 आणि 2003) घ्या. समासात लेखक स्वतः सांगत राहतात की अमुक पात्र खेळाच्या टेबलावर कसं जन्मलं, तमुक प्रसंग का वगळला. पुस्तकं जड आहेत, आडवं पडून वाचता येत नाहीत. एकदाच वाचायच्या कादंबऱ्यांना ई-बुक पुरे.

सगळ्यात नव्या ‘डेस्टिनीज’ त्रयीचं (2022 ते 2024) एवढंच सांगते की पहिलं पुस्तक, ‘ड्रॅगन्स ऑफ डिसीट’, संथ आहे. दुसऱ्यात वाइस आणि हिकमन ह्यूमाच्या काळात शिरतात, म्हणजे नाक यांच्या ह्यूमाशेजारी आता त्यांचाही ह्यूमा उभा आहे. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. कोणता खरा, असा प्रश्न चाहते विचारतात. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि पुन्हा उघडताना हात नाक यांच्या पुस्तकाकडेच जातो.