मेगा 2560 ला रॅम वाढवायची: समांतर बस की एसपीआय?

अर्डुइनो मेगा 2560 बोर्डावरच्या एटीमेगा2560 या मायक्रोकंट्रोलरची आतली 8 केबी रॅम संपली की दोन वाटा उरतात: एक्स्टर्नल बसवर (चिपबाहेर काढलेल्या पत्ता-डेटाच्या तारांवर) 62256 ही 32 केबीची समांतर रॅम, नाहीतर 23एलसी1024 ही आठ पायांची 128 केबीची एसपीआय रॅम (एसपीआय म्हणजे एकेक बिट पाठवणारी सीरियल जोडणी). क्षमता आणि वायरिंग बघून एसपीआयच घ्यावीशी वाटते. पण आधी तुमचा कोड रॅमला कसा हात घालतो ते बघा.

16 मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एसपीआय जास्तीत जास्त 8 मेगाहर्ट्झने धावते, म्हणजे एका बाइटला 1 मायक्रोसेकंद. कुठलातरी एकच बाइट हवा असेल तर आधी एक कमांड बाइट, मग पत्त्याचे तीन, मग डेटा; झाले 5 मायक्रोसेकंद. बसवर तेच काम एक वेट स्टेट (रॅमसाठी थांबायचा एक जादा क्लॉक) धरून चार क्लॉकमध्ये, 250 नॅनोसेकंदांत होते. शिवाय अ‍ॅरे आणि पॉइंटर नेहमीसारखे चालतात; एसपीआयला प्रत्येक वेळी फंक्शन बोलवावे लागते. सेन्सरच्या नोंदी ओळीने साठवून ओळीनेच वाचायच्या असतील, तर मात्र पत्ता एकदाच पाठवावा लागतो. तिथे बसचा खटाटोप करू नये.

खटाटोप म्हणजे 19 पिना: पोर्ट ए वर एडी0 ते एडी7, पोर्ट सी वर ए8 ते ए15, आणि पीजी0 डब्ल्यूआर (लिहिण्याची खूण), पीजी1 आरडी (वाचण्याची खूण), पीजी2 एएलई (पत्ता धरण्याची खूण). मेगा बोर्डावर त्या अनुक्रमे 22 ते 29, 37 ते 30 (उलट्या क्रमाने), 41, 40 आणि 39. खालचा पत्ता आणि डेटा एकाच आठ तारांवरून येतात, म्हणून पत्ता धरून ठेवायला लॅच लागतो. एएलई लॅचच्या एलईला (पत्ता धरायला लावणारी पिन), लॅचचा ओई (आउटपुट चालू करणारी पिन) ग्राउंडला. हाताशी 74एचसी573 हा लॅच असला तरी तो 16 मेगाहर्ट्झला कमी पडतो, 74एएचसी573 घ्या. 70 नॅनोसेकंदांच्या रॅमला 62.5 नॅनोसेकंदांच्या क्लॉकवर एक वेट स्टेट हवीच: एक्सएमसीआरए या रजिस्टरमध्ये हेक्स 84 लिहा.

ए15 थेट रॅमच्या सीएसला (चिप निवडणारी पिन) जोडला तर रॅम 0 ते हेक्स 7एफएफएफ मध्ये येते आणि तिचे पहिले 8704 बाइट आतल्या रॅमखाली झाकले जातात. त्यापेक्षा सीएस सरळ ग्राउंड करा आणि ए15 रॅमला जोडूच नका. मग हेक्स 2200 ते ए1एफएफ असे सलग 32,768 बाइट मिळतात. वीज थोडी जास्त जाते, एवढेच. डब्ल्यूआरला 10 किलोओहमचा पुलअप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) द्या. रीसेटमध्ये ती पिन तरंगते, आणि रॅम बॅटरीवर असेल तर तेवढ्यात साठवलेला डेटा बिघडू शकतो.

चाचणी घेताना प्रत्येक जागी पत्त्याचाच खालचा बाइट लिहू नका. आरडी येण्याआधी तारांवर तोच बाइट असतो आणि तारांच्या कपॅसिटन्समुळे टिकून राहतो, त्यामुळे सॉकेट रिकामे असले तरी चाचणी पास होते! खालचा आणि वरचा बाइट एक्सऑर करून (जिथे बिट वेगळे तिथे 1) पूर्ण 32 केबी आधी लिहा, मग वाचा. वाचताना दरवेळी खालचा पत्ताच परत येत असेल तर आरडीकडून रॅमच्या ओईला येणारी तार तपासा.

एसपीआयवाल्यांना एवढे दोनच जपायचे: होल्ड पिन (देवघेव मध्येच थांबवणारी) 5 व्होल्टला बांधा, आणि स्वस्त दिसली म्हणून 23के256 आणू नका, ती 3.3 व्होल्टची आहे.