सारखं डोकावायचं की बेलची वाट बघायची?

कर्वेनगरच्या खोलीवर आम्ही तिघं गोडॉट या गेम बनवायच्या इंजिनमध्ये एक गेम करतोय. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून स्कूटर काढायची, बस्स. पहिलं भांडण झालं ते की-बोर्डवरून.

दूधवाला आला का, हे दोन तऱ्हांनी कळतं. दर मिनिटाला खिडकीतून डोकवा, नाहीतर बेल वाजली की उठा. पहिली तऱ्हा म्हणजे पोलिंग: दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, स्क्रिप्ट (आपला कोड) विचारते, ‘उजवीकडे न्यायची की दाबलेली आहे का?’ दुसरी इव्हेंटची: की दाबली वा सोडली की इंजिन स्वतः तुमचं फंक्शन बोलावतं.

स्कूटर चालवायला पोलिंगच घ्या. मी आधी हट्टानं इव्हेंटवर चालवली. की दाबून धरली की गाडी एक पाऊल सरकायची, थबकायची, मग गचके खात सुटायची. ऑपरेटिंग सिस्टिम दाबून धरलेल्या कीचे इव्हेंट थोडं थांबून पुन्हापुन्हा पाठवते, त्याचा हा प्रताप. फिजिक्सच्या फंक्शनमध्ये, म्हणजे मुळातल्या सेटिंगनुसार सेकंदाला 60 वेळा विचारलं की चाल गुळगुळीत. दिशा ‘गेट व्हेक्टर’ या चारही दिशांच्या की एकत्र वाचणाऱ्या फंक्शननं घ्या, नाहीतर तिरकी गाडी सरळपेक्षा 1.41 पट पळते.

हॉर्नला मात्र पोलिंग नको. आमचा हॉर्न माउस क्लिकवर होता. कोपऱ्यातलं ‘थांबा’ बटण दाबलं की गेम थांबायच्या आधी पॉऽऽ! स्कोअरपाशी नाव टाइप करताना तर कहर: उजवीकडे जायची की ‘डी’ होती, त्यामुळे नावात ‘डी’ आला की मागे स्कूटर उजवीकडे. पोलिंगला फक्त की दाबलेली दिसते; ती कुणासाठी दाबली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘अनहँडल्ड इनपुट’ या इव्हेंटच्या फंक्शनमध्ये बटणांनी आणि मजकुराच्या चौकटीनं न वापरलेलंच येतं, त्यामुळे हॉर्न तिथे नेला. स्कूटरला तो उपाय नाही. नाव टाइप होईपर्यंत तिचं पोलिंगच बंद ठेवतो.

युनिटी या दुसऱ्या इंजिनातही पेच हाच, नावं वेगळी. कीची नावं थेट कोडमध्ये लिहू नका, इनपुट मॅपमध्ये, म्हणजे कोणती की कशासाठी या गोडॉटच्या यादीत, ‘हॉर्न’, ‘ब्रेक’ अशा अ‍ॅक्शन करा. पुढे गेमपॅड जोडताना स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

आणि पॉजची की स्कूटरच्या स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. गेम थांबेल, पण परत सुरू होणार नाही. थांबलेल्या नोडला (गोडॉटमध्ये गेमचा प्रत्येक तुकडा म्हणजे नोड) बेलही ऐकू येत नाही. वेगळा नोड करा, त्याचा प्रोसेस मोड ‘ऑलवेज’ ठेवा, म्हणजे गेम थांबला तरी तो चालू राहतो.