हवी होती जंगलातली रायफल, घरी आली छर्‍याची बंदूक: आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने आणि साधारण साडेतीन हजार छर्रे झाले, आता लिहायला हरकत नाही.

मुळात मला हवी होती वेगळीच वस्तू. ट्रेकचं वेड जुनं. गेल्या वर्षी पाय मुरगळून पंधरा दिवस घरी पडलो आणि मोबाइलवर ‘सर्व्हायव्हल रायफल’चे परदेशी व्हिडिओ बघत सुटलो. त्यातली प्रसिद्ध म्हणजे आर्मालाइट कंपनीची १९५९ची एआर-७. पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंची छोट्या गोळीची. नळी आणि बाकीचं सगळं खोलून दस्त्याच्याच (खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाच्या) पोटात ठेवायचं, वर झाकण. पाण्यात पडली तर तरंगते म्हणे. आज हेन्री कंपनी ती बनवते, वजन दीड किलोच्या आसपास. रुगर कंपनीची १०/२२ टेकडाउन २०१२ची, मधोमध दोन तुकडे होणारी. विमान पडलं तर वैमानिकाला ससे-पक्षी मारून दिवस काढता यावेत, यातून हा सगळा प्रकार निघाला. १९६५मध्ये लिओनोव्ह आणि बेल्यायेव या सोव्हिएत अंतराळवीरांचं वोस्खोद-२ यान ठरल्या जागेऐवजी उरलच्या बर्फाळ जंगलात उतरलं. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांच्या सामानात टीपी-८२ नावाची तीन नळ्यांची बंदूकच आली. हे वाचल्यावर तर मी पार येडा झालो.

राहतो मुलुंडला. गच्चीवरून दिसतं ते जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद. पॉइंट टू-टूला शस्त्र परवाना लागतो, आणि त्या अर्जात ‘ट्रेकला भूक लागली तर’ असं कारण लिहिणार का? शिवाय सह्याद्रीत वाट चुकलेल्याला भूक छळत नाही. पाणी संपतं, टॉर्चचे सेल संपतात, माणूस अंधारात कड्याच्या टोकाशी येतो. चारेक तास नीट चाललं तर कुठली तरी वाडी लागते, तिथे पिठलं-भाकरी मिळते.

तरी खाज जात नव्हती. जानेवारीत ४.५ मिलिमीटरची, नळी खाली दुमडून छर्रा भरायची, स्प्रिंगची बंदूक घेतली. बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिलिमीटर आणि ताकद २० जूल, या मर्यादेच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदाराने ओळखपत्राची प्रत घेतली, बिल दिलं. ते बिल आजही बंदुकीच्या पिशवीत असतं, आणि असावंच. तुलना म्हणून सांगतो, पॉइंट टू-टूची साधी गोळी नळीतून सुटताना १४० जूलच्या आसपास असते. म्हणजे जत्रेत फुगे फोडणार्‍या बंदुकीची ही शहाणी बहीण, बाकी काही नाही.

मी मुद्दाम त्या कंपनीचं सगळ्यात छोटं मॉडेल घेतलं, पाठीवरच्या सॅकमध्ये मावावं म्हणून. चूक इथेच झाली. या प्रकारात नळी हीच तरफ असते. ती खाली ओढली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, आतला पिस्टन पुढे धावतो आणि दाबलेली हवा छर्रा बाहेर फेकते. नळी आखूड केली की तरफ आखूड, आणि तेवढीच स्प्रिंग दाबायला जोर जास्त. पहिल्या रविवारी साठ छर्रे मारले, सोमवारी लोकलमध्ये वरची कडी धरताना हात वर जाईना. दुकानात एकदाच ओढून बघितली होती, तेव्हा सगळं छान वाटतं. तुम्ही घ्याल तेव्हा वीस वेळा ओढून बघा, दुकानदार वैतागला तरी चालेल. (फक्त छर्‍याशिवाय चाप ओढू नका. पुढे हवेची गादी नसते आणि पिस्टन थेट जाऊन आदळतो.)

नेमाचं म्हणाल तर पहिला महिना मी बंदुकीला शिव्या देत होतो. दहा मीटरवर छर्रे बशीएवढ्या वर्तुळात पसरायचे. नेमबाजीच्या रेंजवर एका काकांनी बघितलं आणि म्हणाले, “अरे, गळा काय दाबतोस तिचा? तळहातावर नुसती ठेव.” गंमत अशी आहे की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला जड पिस्टन पुढे धावून थांबलेला असतो, त्यामुळे बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देते. घट्ट धरलं की तो हिसका दर वेळी वेगळा बसतो. सैल धरल्यावर आठवड्याभरात वर्तुळ दोन रुपयांच्या नाण्याएवढं झालं. बाकीचा दोष छर्‍यांचा. स्वस्तातल्या डबीतले अर्धे छर्रे मागच्या घेराला चेपलेले निघाले. आता सपाट तोंडाचे, जरा महाग घेतो. कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं, मोजायला सोपं. शिसं असतं, म्हणून झाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावत नाही.

रेंज नसेल तेव्हा कर्जतला मामाकडे जातो. इमारतीच्या गच्चीवर हा प्रयोग कुणी करू नये, आमच्या सोसायटीत तर विचारायचीही सोय नाही. मामाकडे पहिल्याच दिवशी मागच्या दगडी भिंतीला पत्र्याचा डबा लावला. छर्रा डबा चुकवून भिंतीला लागला आणि परत येऊन थेट बादलीच्या कानावर टण्णकन बसला. मामा बादलीपासून दोन हातांवर उभा. काही बोलला नाही, फक्त आत जाऊन दोन पोती घेऊन आला आणि म्हणाला, “आधी वाळू भर.” तेव्हापासून मागे वाळूची पोती आणि डोळ्यांवर चष्मा.

जुलैत खरी परीक्षा झाली. दोन आठवडे कपाटात पिशवीतच राहिली आणि काढली तर नळीवर तांबूस ठिपके. मुंबईची हवा लोखंडाला सोडत नाही. घाबरून शिलाई मशीनचं तेल आत-बाहेर भरपूर घातलं. पुढचा बार फटाक्यासारखा वाजला, तोंडातून निळा धूर, जळक्या तेलाचा वास. आतली हवा एकदम दाबली गेली की एवढी तापते की तेल पेट घेतं, डिझेल इंजिनासारखं. तसे सातआठ बार झाले आणि पिस्टनचं सील गेलं. सील आणि स्प्रिंग बदलायला साडेअकराशे रुपये आणि तीन आठवडे, त्यातही दुरुस्तीवाल्याने दोनदा तारीख पुढे ढकलली. आता बाहेरून तेलाचं फडकं, आत काहीच नाही. पिशवीऐवजी उघडी, कपड्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपात. दस्त्याचे स्क्रू दर दोनशे छर्‍यांनी सैल होतात, तेवढा पाना सोबत ठेवतो.

ट्रेकला एकदाही नेली नाही. सॅकमध्ये मावते, पण सव्वादोन किलो म्हणजे दोन लिटरहून जास्त पाणी, आणि राजमाचीच्या चढावर मला पाणीच हवं असतं. तरी विकणार नाही. रविवारी सकाळी तासभर श्वास रोखून कागदावरच्या ठिपक्याकडे बघणं मला आवडायला लागलंय. नव्याने घेणार्‍याला एकच सांगेन, कॉम्पॅक्टच्या मागे लागू नका, एक साइज मोठी घ्या.

मामाचा मात्र गैरसमज अजून गेलेला नाही. परवा फोनवर म्हणाला, “वानरं आलीत रे, पपया खातायत. बंदूक घेऊन ये.” वानराला छर्रा मारला तर तुरुंगात जाशील, असं मी तिसर्‍यांदा सांगितलं. “मग आणतोस कशाला ती?” म्हणाला. शनिवारी जातोय, वाळूची पोती पावसाने फुटलीत, ती नवी भरायचीत.