मॅस्टोडॉन: पावसाळ्यात सांगलीकरांच्या कितपत कामाचं?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी चढत असताना आकड्याइतकीच तो कधी घेतला ही वेळ महत्त्वाची. फेसबुकला त्याचं सोयरसुतक नाही. काल रात्रीच्या पोस्टला लाइक जास्त पडले की आज दुपारी तीच वर. मॅस्टोडॉन हेही सोशल नेटवर्कच, पण एका कंपनीचं नाही: वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचं. त्याची होम टाइमलाइन (फॉलो केलेल्यांच्या पोस्टींची यादी) मात्र निव्वळ वेळेच्या क्रमाने चालते. २०१६ साली आलेली ही सेवा मंडळाला किंवा वॉर्डाच्या ग्रुपला घ्यायची ती एवढ्याचसाठी. गप्पांना व्हॉट्सअ‍ॅप आहेच.

पोस्टची मर्यादा सहसा ५०० अक्षरं. तेवढ्यात पातळी, कोयनेचा विसर्ग, बंद रस्ते एका पोस्टीत आरामात बसतात. आकडा चुकला तर पोस्ट एडिट करा, काढू नका: ज्यांनी ती पुढे पाठवली (बूस्ट केली) त्यांना दुरुस्तीची सूचना जाते. पोस्टची भाषा ‘मराठी’ निवडलेली आहे ना, हे पहिल्यांदा तपासा. ती इंग्रजी राहिली तर मराठीचाच फिल्टर लावलेल्यांना सार्वजनिक टाइमलाइनवर पोस्ट दिसतच नाही. आणि ज्याला खातं काढायचं नाही त्याला प्रोफाइलच्या पत्त्यापुढे टिंब आणि ‘आरएसएस’ ही इंग्रजी अक्षरं जोडून तो फीड रीडरमध्ये (नव्या पोस्टी आपोआप गोळा करणारं अ‍ॅप) टाकता येतो. हे फार कमी लोक वापरतात.

नवखा माणूस अडकतो तो पत्त्यात. नाव आणि सर्व्हर असे दोन्ही भाग सर्चमध्ये टाकावे लागतात. अर्ध्या पत्त्यावर दुसऱ्या सर्व्हरचं खातं सापडेलच असं नाही. सापडलं तरी बऱ्याचदा रिकामं दिसतं, कारण आपला सर्व्हर जुन्या पोस्टी ओढून आणतोच असं नाही. खातं बंद पडलेलं नसतं, मूळ पानावर जाऊन बघायचं.

सर्व्हर निवडताना मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतलाच घ्या. यादीतल्यांनी रोज बॅकअप ठेवायचं आणि बंद करण्याआधी तीन महिने कळवायचं कबूल केलेलं असतं. खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, पोस्टी जुन्या जागीच राहतात, आणि पुन्हा हलवायला ३० दिवस थांबावं लागतं.

स्वतःचा सर्व्हर टाकायची खुमखुमी असेल तर मॅस्टोडॉन जड आहे: पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक असे जोडीचे प्रोग्रॅम चालवावे लागतात, शिवाय इतर सर्व्हरांवरून आलेल्या फोटोंच्या साठवलेल्या प्रतींनी (कॅशे) डिस्क भरत जाते आणि ती साफ करायचं काम लावून ठेवावं लागतं. पाच-दहा जणांसाठी गोटूसोशल हे मॅस्टोडॉनशी जोडलं जाणारं हलकं सॉफ्टवेअर बरं, त्याचं एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसवर भागतं. डोमेन (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) मात्र विचार करून ठरवा, नंतर बदलता येत नाही. आणि मशीन घरच्या पीसीवर नको. पुरात पहिली जाते ती वीज.

खासगी मेसेज सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात. स्थलांतर करायच्या कुटुंबांचे फोन नंबर तिथे टाकू नका.