वाचताना आतला आवाज: राहू द्यावा की दाबावा?

वाचताना मनातल्या मनात शब्द उच्चारले जातात, तो हा आतला आवाज. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. या आवाजाने वेग मंदावतो म्हणणाऱ्या जलद वाचनाच्या क्लासच्या जाहिराती बाजूला ठेवून तीनच गोष्टी पाहू.

वेग. आवाज दाबण्यासाठी वाचताना मनात 'एक, दोन, तीन, चार' घोळवायला सांगतात. नजर पुढे धावते खरी. पण आतला आवाजही काही रेंगाळत नाही. जीभ-ओठ पुरते हलवायचे नसल्याने तो बोलण्यापेक्षा बराच भरभर चालतो. ओठ हलत असतील, तर मात्र ती सवय जरूर मोडा.

आकलन. खरा फरक इथे पडतो. राज्यघटनेचं कलम 3 घ्या: नव्या राज्यासाठीचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीखेरीज संसदेत 'मांडता येणार नाही'. मराठीत नकार येतो शेवटी. तोवर आधीचे शब्द डोक्यात धरून ठेवतो तो हाच आवाज. आकडे मोजण्यात तो गुंतला की 'खेरीज' निसटतं आणि अर्थ उलटा होतो. 1970 मध्ये हार्डिक आणि पेट्रिनोविच या संशोधकांच्या प्रयोगात आतल्या आवाजासोबत होणारी कंठाच्या स्नायूंची हालचाल दाबल्यावर अवघड मजकुराचं आकलन घसरलं, सोप्याचं टिकलं.

श्रम. आवाज दाबण्यातच अर्धं लक्ष खर्ची पडतं.

वर्तमानपत्रातून बातमी हुडकायची, नाव किंवा तारीख शोधायची, उजळणीत मथळे चाळायचे, तर आवाजाशिवाय नजर फिरवा. कायदा, गणितातली शाब्दिक उदाहरणं, कविता यांना तो हवाच. अभ्यासाच्या पुस्तकासाठी मी तो दाबायला मुळीच सांगणार नाही. वेग हवा असेल तर विषयाचे शब्द आधी पक्के करा.