टेम्स: टेडिंग्टनच्या वर की खाली?

सुमारे 346 किमी लांबीच्या टेम्सवर बोट चालवायची तर पहिला प्रश्न टेडिंग्टन लॉकचा (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी दरवाजांची कोठी). भरती-ओहोटी तिथवर पोचते. वरची नदी एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या ताब्यात, खालची पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या.

वरचा पट्टा लेचलेडपर्यंत, शांत आणि नवशिक्यांना सोपा. वेगमर्यादा ताशी 8 किमी. कसब लागते ते लॉकमध्ये. इंजिन बंद करा, पुढचा आणि मागचा दोर खुंट्याभोवती फिरवून टोक हातात धरा. गाठ मारू नका: पाणी उतरताना दोर ताणतो आणि बोट कलून लटकते. ऑक्सफर्डचा ऑस्नी पूल जेमतेम 2.3 मीटर उंच, त्यामुळे उंच क्रूझर तिथूनच परततात. जोरदार पावसानंतर लॉकवर लाल फलक दिसला तर बोट बांधूनच ठेवावी.

खाली सगळा हिशेब घड्याळाचा. लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरतीला पाणी सुमारे 7 मीटर चढउतार करते. पूर्व लंडनमधल्या लाइमहाउसहून टेडिंग्टनकडे निघायचे ते चढत्या भरतीवर. ओहोटीत अडकलात तर कालव्यातल्या अरुंद, लांबट नॅरोबोटचे इंजिन प्रवाहापुढे हतबल होते. साखळीसह नांगर तयार हवा, लाइफजॅकेट अंगावर. 13.7 मीटर किंवा त्याहून लांब बोटीला व्हीएचएफ रेडिओ (बोटींमधल्या संपर्कासाठीचा बिनतारी संच) लागतो. शिवाय प्रवासी बोटींच्या लाटा आहेतच.

पहिल्या सुट्टीसाठी वरचाच पट्टा घ्या.