डॉइचलांडटिकेटवर ऱ्हाईनकाठचे किल्ले: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या माइन्झला राहायला आलो, तेव्हा डॉइचलांडटिकेट (देशभर चालणारा मासिक प्रवास पास) घेतलं ते कामावर जाण्यायेण्यासाठी. पण त्याचे पैसे खरे वसूल झाले सुट्टीच्या दिवशी, नदीकाठाने. बिंगन-रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतचा ऱ्हाईनचा ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एवढ्याशा अंतरात चाळीसेक किल्ले आणि साठेक गावं. बोटीतून एका दिवसात सगळं पाहून होतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बोटीतून किल्ले दिसतात, कळत नाहीत.

आधी तिकिटाबद्दल. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरच्या आरबी, आरई (प्रादेशिक गाड्या), एस-बान (उपनगरी गाड्या), ट्राम आणि शहरी बस त्यात येतात. आयसी, आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत आणि नदीवरच्या सहलीच्या बोटीही नाहीत. नदीच्या दोन्ही तीरांवर लोहमार्ग आहे आणि आरबी जवळपास प्रत्येक गावी थांबते. त्यामुळे डाव्या तीरावर बाखाराख, ओबरवेझेल, सांक्ट गोआर, बोपार्ड आणि उजव्या तीरावर काउब, ब्राउबाख अशा ठिकाणी मनात येईल तेव्हा उतरता येतं. पाऊस आला तर पुढच्या गाडीने परत. पुन्हा तिकीट काढायचं नाही, हिशोब करायचा नाही. पुन्हा पुन्हा जायला मिळतं, हाच या तिकिटाचा मोठा फायदा.

परत परत गेल्यावरच इथल्या किल्ल्यांची मांडणी उलगडते. यातले अनेक किल्ले मुळात जकात गोळा करणाऱ्या सरदारांचे. नदी हाच व्यापाराचा हमरस्ता, त्यामुळे जो तो आपल्या हद्दीत गलबत अडवून पैसे घ्यायचा. काउबसमोर नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला प्फाल्झग्राफेनश्टाइन हा जलदुर्ग त्यासाठीच बांधला. त्याचं काम बव्हेरियाच्या लुडविग राजाने १३२६-२७ च्या सुमारास सुरू केलं. काठावरून पाहिलं तर दगडी जहाजच. सांक्ट गोआरचा राइनफेल्स १२४५ मध्ये काट्सेनेल्नबोगनच्या सरदाराने बांधला. दहाच वर्षांनी जकातीवरून चिडलेल्या ऱ्हाईनकाठच्या शहरांनी एकजूट करून त्याला वेढा घातला. वर्षभराहून अधिक काळ वेढा चालला, पण किल्ला पडला नाही. त्याच्या बुरुजावर उभं राहून खालून जाणाऱ्या मालवाहू बोटी पाहिल्या की जागा का निवडली ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.

राइनफेल्स माझा सगळ्यात आवडता. १६८९ मध्ये चौदाव्या लुईच्या फौजांनी या भागातले कितीतरी किल्ले सुरुंगाने उडवले. राइनफेल्सने मात्र १६९२ चा फ्रेंच वेढा परतवला. पुढे १७९४ मध्ये तोच किल्ला न लढता फ्रेंचांच्या हाती गेला आणि त्यांनी तो उडवून दिला. १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावलेल्या सह्याद्रीतल्या वाटा आणि दरवाजे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे भग्न तट पाहून वेगळं काही सांगायला नको. इथे अर्धा दिवस काढा. तळाच्या भुयारांत जाणार असाल तर बॅटरी हवीच.

शाबूत किल्ला पाहायचा तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. मध्य ऱ्हाईनवरच्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीच उद्ध्वस्त न झालेला हा एकटाच. १९०० पासून तो जर्मन किल्ले संघटनेच्या ताब्यात आहे. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, इंग्रजी फेऱ्या मोजक्याच, म्हणून वेळ पाहून निघा. कातळात कोरलेल्या पायऱ्यांवरून आत शिरायचं, मग नदीवर रोखलेल्या तोफा, मोठ्या चुलीचं स्वयंपाकघर, दिवाणखाना. मार्गदर्शक घाई करतात, एवढीच तक्रार. आई-बाबा आले होते तेव्हा उंचसखल पायऱ्यांनी आईचे गुडघे दुखले, त्यामुळे वयस्कर पाहुण्यांना आधी कल्पना द्या. त्यांच्यासाठी कोब्लेन्झ बरं: नदीवरून रोपवेने एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावर जाता येतं आणि वरून मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते तो संगम दिसतो. रोपवेचं तिकीट वेगळं.

बाखाराखला बहुतेक जण लाकडी चौकटींची घरं आणि वाइनसाठी जातात. ती सुरेखच आहेत. पण गावाच्या वर, श्टालेक किल्ल्याच्या वाटेवर वेर्नर चॅपेलचे लाल दगडातले अवशेष आहेत, तिथे जरूर थांबा. १२८७ मध्ये वेर्नर नावाचा मुलगा मेलेला सापडला, खुनाचा खोटा आळ ज्यूंवर आला आणि या खोऱ्यातल्या कितीतरी ज्यूंची कत्तल झाली. त्या मुलाला संत मानून हे देवालय उभारलं गेलं. त्याचा सण चर्चने १९६३ मध्ये रद्द केला. इतक्या देखण्या कमानींमागे हे आहे, हे माहीत असूनच त्या पाहायला हव्यात. श्टालेकमध्ये आता युथ हॉस्टेल आहे. तिथे मुक्काम केला तर पहाट अप्रतिम, पण रात्रभर दोन्ही तीरांवरून मालगाड्या धडधडतात. झोप सावध असेल तर कानात बोळे घाला.

आता खटकलेलं. प्रादेशिक गाड्या उशिरा येतात, कधी आयत्या वेळी रद्द होतात. संध्याकाळी छोट्या स्टेशनावर तासभर थंडीत काढावा लागलाय. शेवटच्या गाडीवर कधीच अवलंबून राहू नका. माइन्झ-वीसबाडनपासून कोब्लेन्झपर्यंत मध्ये एकही पूल नाही, तीर बदलायचा तर फेरीबोट, तीही रात्री लवकर बंद होते. हिवाळ्यात बरेच किल्ले बंद असतात. मार्क्सबुर्ग तेव्हाही उघडा असतो.

भारतातून फिरायला येणाऱ्यांनीही हे तिकीट घ्यावं, दोन-तीन फेऱ्यांतच पैसे निघतात. फक्त ते मासिक वर्गणीचं आहे: चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. आणि माइन्झहून कोब्लेन्झला जाताना उजवीकडची खिडकी पकडा, नदी त्याच बाजूला आहे.